मागेल त्याला सौर कृषी पंप : विदर्भातल्या वावरात ही योजना किती पाणी देते

ज्या कास्तकाराच्या वावरात विहीर आहे, पण विजेची लाइन नाही, त्याच्यासाठी राज्य सरकारच्या सध्याच्या ऊर्जा-योजनांमध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही सगळ्यात कामाची योजना आहे. मात्र या योजनेतला पंप समाधान देईल की डोकेदुखी ठरेल, हे सरकारी अनुदानावर फारसं अवलंबून नाही. महावितरण, पुरवठादार आणि कास्तकार मिळून वावरात जी संयुक्त पाहणी करतात, त्या दिवशी कागदावर लिहिल्या जाणाऱ्या एका आकड्यावर ते ठरतं. तो आकडा म्हणजे हेड. बहुतेक कास्तकार एचपी विचारतात, पॅनल मोजतात, कंपनीचं नाव पाहतात. हेड कोणी विचारत नाही. म्हणून या परीक्षणात सर्वात जास्त जागा त्याला दिली आहे.

आधी योजना थोडक्यात. २०१९ साली केंद्राची पीएम-कुसुम योजना आली. तिच्या ‘ब’ घटकात लाइनशी न जोडलेले, स्वतंत्र सौरपंप येतात. महाराष्ट्रानं २०२४ मध्ये त्यात राज्याचा मोठा हिस्सा घालून ‘मागेल त्याला’ सुरू केली आणि राबवायला महावितरणकडे दिली. सर्वसाधारण गटातल्या कास्तकारानं किमतीच्या १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या कास्तकारानं ५ टक्के. उरलेल्यात केंद्राचे ३० टक्के, बाकी राज्याचे. सर्वसाधारण गटाचा हिस्सा ३ एचपीला साधारण २० ते २३ हजार, ५ एचपीला २७ ते ३२ हजार आणि साडेसातला ३७ ते ४५ हजार रुपयांच्या घरात जातो. नक्की रक्कम डिमांड नोटवर (पैसे भरण्यासाठी महावितरणकडून येणाऱ्या पत्रावर) येते, तीच खरी धरायची.

एचपी जमिनीवरून ठरतो. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, अडीच ते पाच एकरांना ५ एचपी, पाच एकरांच्या वर साडेसात. मोठ्या पंपाला पात्र असलेला लहान पंप घेऊ शकतो, उलट मात्र होत नाही. योजनेचा पहिला दोष इथंच आहे. पाणी वर चढवायला लागणारी ताकद एकरावरून ठरत नाही, खोलीवरून ठरते. वरूड-मोर्शीकडे दोन एकर संत्रा असलेल्या कास्तकाराचं बोअर कित्येकदा सहाशे-आठशे फूट असतं, आणि भंडाऱ्याकडे सहा एकर धान असलेल्याला वीस फुटांवर पाणी लागतं. नियमानं पहिल्याला ३ एचपी मिळतो, दुसऱ्याला साडेसात. गरज बरोबर उलटी आहे. राज्यानं हा निकष एकर आणि खोली असा दोन्हींवर ठेवायला हवा, हे आमचं ठाम मत आहे.

हेड म्हणजे काय, आणि ते स्वतः कसं मोजायचं

पंपाला पाणी जितक्या उंचीचा जोर लावून ढकलावं लागतं ती एकूण उंची म्हणजे हेड. विहिरीची खोली हा त्याचा फक्त एक भाग. एक साधं उदाहरण घेऊ. यवतमाळ-वर्धेकडची ४५ फुटांची विहीर, एप्रिलमध्ये पाणी ४० फुटांवर, म्हणजे १२ मीटर. वावराचा वरचा धुरा विहिरीपेक्षा ३ मीटर उंच. पाइपलाइन २०० मीटर. ६३ एमएमच्या पाइपातून सेकंदाला अडीच लिटर पाणी नेलं तर दर १०० मीटरला साधारण २ मीटर हेड घर्षणात जातं, म्हणजे ४ मीटर. आता शेवटी स्प्रिंकलर. नोझल नीट फिरायला अडीच किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला) दाब लागतो, तो एकटाच २५ मीटर. स्प्रिंकलरच्या आडव्या पाइपांत आणि उभ्या दांड्यांत आणखी चार-पाच मीटर. बेरीज ४९ मीटर होते. विहीर ४५ फुटांची, पण पंप हवा ५० मीटर हेडचा.

पाहणीला आलेला माणूस विहिरीत दोर सोडतो, ४५ फूट लिहितो आणि ३० मीटर हेडचा पंप मंजूर होतो. केंद्राच्या तांत्रिक निकषांप्रमाणे ३० मीटरच्या पंपाचं बंद हेड ४५ मीटर असतं, म्हणजे त्याच्या वर तो पाण्याचा थेंबही चढवत नाही. मग मोकळ्या पाइपातून बदाबदा पाणी पडतं, फोटो निघतो, काम पूर्ण दाखवलं जातं. नोव्हेंबरात हरभऱ्यावर स्प्रिंकलर लावल्यावर नोझलातून नुसती गळती होते. कंपनी म्हणते पंप चांगला आहे, आणि तेही खरंच असतं. पंप चुकीचा निवडलेला असतो.

५० मीटरच्या पंपाचं बंद हेड ७० मीटर, ७० मीटरच्या पंपाचं १००, आणि १०० मीटरच्या पंपाचं १५०. यातलं आपल्याला कोणतं हवं हे पाहणीच्या दिवशीच ठरवून घ्यायचं असतं. उलटी चूकही करू नये. सरीनं किंवा दंडानं पाणी देणाऱ्यानं ‘जास्त जोराचा बरा’ म्हणून ७० मीटरचा घेतला, तर त्याला त्याच पॅनलवर निम्म्याहून कमी पाणी मिळेल.

निकषांप्रमाणे ३ एचपीच्या एसी पंपानं ३००० वॅट पॅनलवर दिवसाला ३० मीटर हेडला साधारण एक लाख लिटर, ५० मीटरला ६०-६५ हजार आणि ७० मीटरला ४० हजारांच्या आसपास पाणी द्यायला हवं. ५ एचपीला ४८०० वॅट आणि साडेसातला ६७५० वॅट पॅनल लागतात, पाणी त्याच प्रमाणात वाढतं. पण या आकड्यांत दिवसभराचं ऊन दर चौरस मीटरला ७.१५ युनिट धरलेलं आहे आणि पॅनल दिवसातून तीनदा उन्हाकडे वळवलेलं. असं ऊन आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये मिळतं. डिसेंबरात दिवस लहान, सकाळी धुकं, त्यामुळं पाव हिस्सा पाणी कमीच धरून हिशेब करावा.

हरभरा, संत्रा, धान : तीन वेगळे हिशेब

हरभऱ्याचा आधी, कारण सोयाबीननंतर ओलीत करणाऱ्यांत तोच सर्वात जास्त. ३ एचपी, ५० मीटर हेड, हिवाळ्यातली दुपार. सेकंदाला दोन-सव्वादोन लिटर पाणी येतं. एक नोझल ०.४५ लिटर घेतं, म्हणजे पाच नोझल. १२ बाय १२ मीटरवर लावलेलं नोझल तासाला ११ मिलिमीटर पाणी पाडतं. ४० मिलिमीटरच्या पाळीला साडेतीन तास लागतात. पूर्ण दाब सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेतीन, म्हणजे दिवसात दीड शिफ्ट (नोझल एका जागी लावून पाळी पूर्ण करणं म्हणजे एक शिफ्ट). अशानं एक एकर भिजायला चार दिवस लागतात, अडीच एकराला दहा. फांद्या फुटताना एक पाणी आणि घाटे भरताना एक, एवढ्यासाठी हे पुरतं. पण दहा दिवस आधी सुरुवात करावी लागते, शेवटचा तुकडा सुकू लागेपर्यंत थांबून चालत नाही.

इथं सर्रास होणारी चूक म्हणजे लाइनवरच्या पंपाची सवय. तिथं आठ नोझल चालायची म्हणून इथंही आठ लावतात. दाब दीड किलोच्या खाली येतो, वर्तुळं एकमेकांवर येत नाहीत, मधे कोरडे पट्टे राहतात आणि जाड थेंबांनी काळ्या मातीवर पापडी धरते. पाच लावा, दाबमापक बसवा. तोटीजवळ बसवलेला साधा गेज बाजारात काही शे रुपयांत मिळतो, आणि सौरपंपावर त्याच्याइतकी उपयोगाची दुसरी वस्तू नाही. सकाळी नऊच्या आधी आणि चारनंतर नोझलऐवजी मोकळं पाणी शेततळ्यात किंवा भाजीपाल्याच्या सरीत सोडावं. कमी दाबाचं पाणीही वाया जात नाही.

संत्र्याचा हिशेब वेगळा. ६ बाय ६ मीटरवर एकरी ११० च्या आसपास झाडं. मोठ्या झाडाला मे महिन्यात दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास धरलं तर एकरी साडेसोळा हजार लिटर. ठिबकला दाब दीड किलो आणि फिल्टरमध्ये अर्धा किलो, म्हणजे २० मीटर हेड आधीच गेलं. पाणी १५० फुटांवर असेल तर एकूण ७० मीटर होतं आणि ३ एचपी जेमतेम अडीच एकर बाग सांभाळतो. फिल्टर आठवड्याला धुतला नाही तर तेवढंही नाही. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी पट्ट्यात पाणी तीनशे फुटांच्या खाली गेलेलं असेल, तर या योजनेतल्या कोणत्याही पंपाकडून आशा ठेवू नये. १०० मीटर हेडच्या पंपाचं काम तिथं संपतं. वरूडसारख्या अतिशोषित भागात भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं ना-हरकत प्रमाणपत्रही लागतं. तिथं लाइनच बरी, किंवा गावानं मिळून पाणी जिरवण्याचं काम आधी.

भंडारा-गोंदियाकडे उथळ पाण्यावर हाच पंप खरं काम दाखवतो. पृष्ठभागावरचा ३ एचपी पंप १० मीटर हेडला निकषांप्रमाणे दिवसाला अडीच लाख लिटरांच्या वर पाणी देतो. उन्हाळी धानाला एकरी रोज ३५-४० हजार लिटर लागतं. म्हणजे सहा एकरांपर्यंतचं काम निघतं. खरिपात मात्र ऑगस्टमध्ये पावसानं ओढ दिली आणि आभाळ भरलेलंच राहिलं, तर पंप निम्म्यावर येतो, आणि पिकाला पाणी त्याच दिवसांत हवं असतं. जलसंधारणाच्या कामातून तयार झालेल्या साठ्यावर हा पंप चालत नाही, असा योजनेचा नियम आहे. बोडी (लहान तळं) किंवा बंधाऱ्यावर अर्ज करणाऱ्यानं हे आधी तपासावं, नाहीतर पाहणीत अर्ज अडतो.

अर्ज ते पाणी

अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर. सातबारा, आधार, बँक पासबुक, अनुसूचित गटासाठी जातीचा दाखला. सातबाऱ्यावर विहीर किंवा बोअरची नोंद हवी. विदर्भात अर्ज सर्वात जास्त इथंच अडकतात, कारण विहीर तीस वर्षांची असते आणि नोंद कधी झालेलीच नसते. तलाठ्याकडून ती आधी करून घ्या, मग अर्ज करा. सातबारा सामाईक असेल तर बाकीच्या हिस्सेदारांचं संमतिपत्र स्टॅम्पपेपरवर लागतं. आधीच लाइनचं कनेक्शन असेल किंवा जुन्या योजनेतला सौरपंप घेतलेला असेल तर इथं पात्रता नाही. पैसे भरूनही कनेक्शन न मिळालेल्यांना प्राधान्य आहे.

छाननी होते, डिमांड नोट येते, पैसे ऑनलाइन भरायचे, मग यादीतला पुरवठादार आपण निवडायचा. निवडताना एकच गोष्ट पाहा : त्याचा दुरुस्तीचा माणूस कोणत्या तालुक्याला बसतो. पॅनल सगळ्यांचे भारतीय बनावटीचे असणं बंधनकारक आहे, पंपाचे निकष सगळ्यांना सारखे आहेत, फरक पडतो तो कंट्रोलर (पॅनलची वीज मोटारीला देणारी पेटी) बंद पडल्यावर किती दिवसांत कोणी येतं यानं. शेजारच्या गावात ज्यांच्याकडे दोन उन्हाळे पंप चालला आहे त्यांना विचारा. नवीन पंपवाल्याचं मत उपयोगाचं नाही, पहिल्या वर्षी सगळेच चालतात.

पैसे फक्त महावितरणच्या पोर्टलवर भरायचे. फोनवरून ‘नंबर वर घेतो’ म्हणणाऱ्याला, किंवा नावात कुसुम असलेल्या खासगी संकेतस्थळावर एक रुपयाही देऊ नका. तसंच सिमेंट, गिट्टी, खड्डा खोदणं, माल उतरवणं हे सगळं किमतीत धरलेलं आहे. वाहतुकीचे किंवा मजुरीचे वेगळे पैसे कोणी मागितले तर तक्रार करा.

संयुक्त पाहणीला कास्तकार स्वतः हजर हवा, गड्याला किंवा शेजाऱ्याला पाठवून काम भागत नाही. त्या दिवशी कागदावर चार गोष्टी लिहून घ्या : उन्हाळ्यातली पाण्याची पातळी, पाइपलाइनची लांबी, पाणी कशानं देणार आणि मंजूर होणारं हेड. पाहणीपत्राचा फोटो मोबाइलात ठेवा. हे एक काम नीट झालं तर पुढची निम्मी भांडणं टळतात.

बसवताना डोळ्यांनी तपासायच्या गोष्टी

काळ्या कापसाच्या जमिनीत पाया हा सर्वात कच्चा दुवा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. दोन-अडीच फुटांवर थांबलेला पाया दोन हंगामांत तिरका होतो, सांगाड्याला पीळ पडतो आणि पॅनलच्या काचेला बारीक तडे जातात. खड्डा मुरूम लागेपर्यंत घ्यायला लावा, आणि काँक्रीट जमिनीच्या वर अर्धा फूट तरी राहू द्या म्हणजे खांबाच्या बुडाशी पाणी साचणार नाही. काँक्रीटवर आठवडाभर पाणी मारायचं काम घरच्यांनीच करावं, कंपनीचा माणूस थांबत नाही. सांगाडा ताशी १५० किलोमीटर वाऱ्याला टिकावा, त्याला किमान ८० मायक्रॉनचं गॅल्व्हनायझिंग (जस्ताचा थर) असावं, असा निकष आहे. मे महिन्यातल्या वावधानात पॅनल उडतात ते बहुधा सांगाडा मोडून नाही, पट्ट्यांचे नटबोल्ट ढिले राहिल्यानं. बसवून झाल्यावर एकेक नट पान्यानं तपासा, आणि दरवर्षी एप्रिलमध्ये पुन्हा.

पॅनलच्या मागच्या लेबलावरची वॅट संख्या वाचा आणि पॅनल मोजा. ५४० वॅटचे सहा म्हणजे ३२४०, ३ एचपीला बरोबर. नऊ म्हणजे ४८६०, ५ एचपीला बरोबर. साडेसातला असे १३ लागतात. तोंड दक्षिणेला. बाभूळ, पळस, आंबा यांची सावली सकाळी साडेआठ ते चार या वेळात एकाही पॅनलवर पडता कामा नये. पॅनल एका ओळीत जोडलेले असतात, त्यामुळं एकावर सावली पडली तरी सगळ्यांचं पाणी घटतं. विदर्भाचा अक्षांश साधारण १९ ते साडेएकवीस अंशांचा आहे. सांगाड्याला कोन बदलायची सोय असेल तर रब्बीत ३०-३५ अंशांचा उभा कोन आणि उन्हाळ्यात जवळपास आडवा, एवढा बदल वर्षातून दोनदा करा.

पाणी कमी येत असेल तर पॅनलला दोष देण्याआधी मोटार उलटी फिरते का ते बघायला सांगा. तीन फेजच्या एसी मोटारीत दोन वायरी अदलाबदल झाल्या तर ती उलटी फिरते, आवाज नेहमीसारखाच येतो, पाणी मात्र निम्म्याहून कमी. वायरी बदलल्या की दोन मिनिटांत काम होतं. ही चूक इतकी सर्रास होते की पंप सुरू करून देणाऱ्या माणसाला दोन्ही बाजूंनी चालवून दाखवायलाच लावावं.

पंप तळापासून थोडा वर, पण पाण्याखालीच टांगलेला, सोबत नायलॉनचा दोर. कंट्रोलर सावलीत, पण हवा खेळती राहील असा. लोखंडी पेटीत कोंबून कुलूप लावलं की ४५ अंशांच्या दुपारी तो तापून बंद पडतो, आणि नेमका बाराला बंद पडला तर दिवसाचं निम्मं पाणी गेलं. अर्थिंगचे खड्डे आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या तारकाठीला वेगळे आणि सांगाड्याला वेगळे. जूनच्या पहिल्या गडगडाटात जळणारे कंट्रोलर बहुधा कोरड्या अर्थिंगमुळे जळतात. एप्रिल-मे मध्ये त्या खड्ड्यात दर पंधरवड्याला पाणी ओता.

पॅनलच्या वायरीत उन्हात शेकडो व्होल्ट डीसी असतो. पंप चालू असताना पॅनलचा जोड कधीही ओढू नका. डीसीची ठिणगी घरच्या विजेसारखी लगेच विझत नाही, ती हात जाळते. आधी कंट्रोलर बंद करा, मग कटआउट. पोरांना हे समजावून सांगा.

धूळ आणि पक्ष्यांची शिट यांनी पाणी सहज पाच-दहा टक्के घटतं. पॅनल सकाळी लवकर, थंड असताना धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नका. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यात विहिरीच्या पाण्यानं धुतलं की पांढरा थर बसतो आणि तो धुळीपेक्षा वाईट. तिथं पावसाचं साठवलेलं पाणी किंवा ओलं फडकं.

लाइन की सौर

ज्यांच्याकडे लाइन आहे त्यांनी ती सोडून सौरमागे लागण्याचं कारण नाही. एप्रिल २०२४ पासून मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना बिल नाही, आणि ही सवलत मार्च २०२९ पर्यंत जाहीर झालेली आहे. म्हणजे सौरपंपानं वीजबिल वाचतं हा मुद्दा सध्या उरलेला नाही. लाइनवर दाबही सगळा वेळ सारखा राहतो, स्प्रिंकलरवाल्याला तो फरक मोठा.

लाइनचा खरा त्रास रात्रीच्या पाळीचा आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागांत रात्री ओलिताला जाणं म्हणजे जीव धोक्यात घालणं आहे. वाघ, रानडुक्कर, साप, आणि अंधारात ओल्या हातानं स्टार्टरला हात. त्यावर राज्याचा उपाय म्हणजे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना, २०१७ ची, आणि २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प, त्याची वीज कृषी फीडरला (उपकेंद्रातून शेतीपंपांकडे जाणाऱ्या वाहिनीला), म्हणजे लाइनवरच्या पंपाला दिवसा पुरवठा. पडीक जमीन भाड्यानं देणाऱ्याला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ मिळते. कोरडवाहू बरड जमिनीला हे उत्पन्न चांगलं आहे, पण करार लांब पल्ल्याचा असतो, तेव्हा वारसांची सही आणि रस्त्याचा हक्क आधी बघून घ्यावा. ज्यांच्या फीडरवर हे काम झालं आहे त्यांच्यासाठी लाइन हाच चांगला पर्याय. ज्यांच्या वावरापर्यंत खांबच नाहीत, डीपी (ट्रान्सफॉर्मर) दोन किलोमीटर दूर आहे, त्यांनी लाइनची वाट पाहत वर्षं घालवू नयेत. सौरपंप घ्यावा.

कमी पाझराच्या विहिरींना सौरपंपाचा एक फायदा कोणी फारसा सांगत नाही. लाइनवरचा पंप दोन तासांत विहीर कोरडी करतो आणि बंद पडतो. सौरपंप सकाळी हळू, दुपारी जोरात, संध्याकाळी पुन्हा हळू असा सहा-सात तास उपसतो, आणि बेसाल्टच्या भेगांतून येणारं पाणी तेवढ्या वेळात मागून भरत राहतं. पुसद-उमरखेडकडच्या विहिरींसाठी हे फार मोलाचं आहे.

योजनेतली आणखी एक उणीव. पॅनल वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस रिकामे उभे असतात. त्याच पॅनलवर पिठाची गिरणी, कडबाकुट्टी, दाळमिल चालवू शकणारे कंट्रोलर उपलब्ध आहेत आणि केंद्राच्या नियमांत त्यांना परवानगी आहे. राज्यानं ते थोड्या जादा हिश्श्यावर या योजनेतच दिले, तर कास्तकाराच्या घरी बारमाही उत्पन्न येईल. स्वतःच्या हातानं पॅनलवरून दुसरं काही चालवायला मात्र जाऊ नका, हमी तिथंच संपते.

बिघाड, चोरी आणि तक्रार

पाच वर्षांची दुरुस्ती-हमी आणि विमा किमतीतच आहे. या काळात मोटार गावच्या वाइंडिंगवाल्याकडे उघडू नका, ओलिताची कितीही घाई असली तरी. एकदा सील तुटलं की कंपनी हात वर करते. पाच वर्षांनंतरचा विचार मात्र घेतानाच करा : एसी मोटार तालुक्याला कुठंही रिवाइंड होते, डीसी मोटार बहुधा कंपनीकडेच पाठवावी लागते. डीसी त्याच पॅनलवर थोडं जास्त पाणी देते, पण निवडीची मुभा असेल तर ग्रामीण विदर्भात आम्ही एसीच सुचवू.

तक्रार आधी पुरवठादाराच्या क्रमांकावर, आणि त्याच दिवशी महावितरणच्या १९१२ किंवा १८००-२३३-३४३५ वर. तक्रार क्रमांक लिहून घ्या, नुसतं बोलणं पुरत नाही. कंट्रोलरच्या पडद्यावर दिसणाऱ्या एरर कोडचा फोटो सोबत असेल तर माणूस योग्य सुटा भाग घेऊनच येतो, नाहीतर पहिली खेप फक्त बघण्यात जाते. पडदा कोराच असेल तर आधी पॅनलकडून येणारा कटआउट आणि उंदरांनी कुरतडलेली वायर तपासा. पडद्यावर ‘पंप कोरडा’ अशी सूचना दिसत असेल तर तो बिघाड नाही, विहीर खाली गेली आहे. अर्धा तास थांबा.

चोरी झाली किंवा वादळानं पॅनल गेले, तर उरलेलं सामान न हलवता फोटो काढा, चोरीसाठी पोलिसांत त्याच दिवशी एफआयआर, वादळासाठी तलाठ्याचा पंचनामा, आणि दोन्हींची प्रत पुरवठादार व महावितरण उपविभाग अशा दोघांना पोच घेऊन द्या. पॅनलचे अनुक्रमांक विम्याच्या दाव्यात लागतात. चोरी झाल्यावर ते कुठून आणणार, म्हणून बसवल्याच्या दिवशीच प्रत्येक पॅनलच्या लेबलाचा, कंट्रोलरचा आणि मोटारीच्या पट्टीचा फोटो काढून सातबाऱ्याच्या फाइलीत प्रिंट लावून ठेवा.

पंपाला पाचपैकी किती गुण, असं कोणी विचारलं तर ३० ते ५० मीटर हेड, लाइन नसलेलं वावर आणि तालुक्याला दुरुस्तीचा माणूस, असं असेल तर साडेचार. दीडशे फुटांपेक्षा खोल पाण्यावर अडीच. पाणी तीनशे फुटांच्या खाली असेल तर अर्जच करू नये.